ताळा न जुळलेली टेकडी

हैदराबादेत काचीगुड्याच्या आमच्या घरातून बाहेर पडताना गॅस बंद आहे की नाही हे तीन जण बघतात. एक मी, दुसरी मी, आणि जिना उतरून परत वर आलेली तिसरीही मीच. नवरा म्हणतो, हिला नोकरीनं बिघडवलं. खरं तर उलटं आहे. मी आधीपासूनच अशी होते, म्हणून ती नोकरी मला मिळाली आणि टिकली. शाळेत असताना गणिताच्या पुस्तकामागची उत्तरंसुद्धा मी स्वतः सोडवून बघायचे. त्यात दोन चुकीची निघाली, तेव्हापासून छापील अक्षरावरचा माझा विश्वास जो उडाला तो उडालाच.

बँकांचे प्रोग्रॅम तपासण्यात उमेदीची वर्षं गेली आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी हिमायतनगरच्या एका लहानशा कंपनीत कॉम्प्युटरवरचे खेळ तपासायला लागले. खाली साड्यांचं दुकान, वर आम्ही. माझी आई परभणीच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत 'ऑफिसात असते' एवढंच सांगत राहिली. मुलगी पगार घेऊन दिवसभर लुटुपुटूच्या लढाया खेळते, हे तिच्या तोंडून निघेना. मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात सगळ्यांनी माझ्या चोख नजरेचं कौतुक केलं. त्या कौतुकात एक नाव कोणी घेतलं नाही, आणि तेच मी इथे घेणार आहे.

आधी खेळ समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. गच्चीवरून गल्ली बघावी तसा वरून दिसणारा एक मुलूख असतो. दोन खेळाडू, दोघांच्या दोन छावण्या. दगड-लाकूड जमवा, बराकी बांधा, सैन्य उभं करा आणि समोरच्याची छावणी पाडा. बुद्धिबळात आपण चाल करेपर्यंत समोरचा थांबतो, इथे कोणी कोणासाठी थांबत नाही. आमचा खेळ दिसायला मुद्दाम जुन्या वळणाचा होता, ठोकळ्याठोकळ्यांचे सैनिक आणि ठोकळ्याठोकळ्यांची झाडं. तीस वर्षांपूर्वी ज्यांनी असे खेळ खेळले, ती माणसं आता चाळिशी-पन्नाशीला आली आहेत, आणि त्यांना त्याच ठोकळ्यांची ओढ लागते. आमच्या खेळाची शेखी मात्र एकच होती. जमीन फुटायची. टेकडीत सुरुंग लावून आरपार वाट काढा, पूल उडवा, बंधारा फोडून शत्रूची छावणी बुडवा, सगळं चालायचं.

त्या फुटणाऱ्या जमिनीचा कर्ता होता इम्तियाज. हैदराबादेत इमारतींसाठी मोठमोठे धोंडे फोडतात ना, ते लहानपणापासून बघत वाढलेला माणूस. त्याच्या टेकड्या फुटताना बघाव्यात. आधी तडा, मग एक दरड सुटायची, मग धुरळा आणि शेवटी पायथ्याशी राडारोडा. त्यांचा त्याला फार अभिमान. मी चूक दाखवली की छातीवर हात ठेवून म्हणायचा, "मेडम, मेरे पहाड़ पे शक कायकू करते आप? पहाड़ मैं बनाया, पहाड़ झूठ नै बोलता."

आणि रोज खोटं बोलताना मी तो पहाड़ पकडायचे. पूल उडाला तरी सैन्य हवेतून चालत पलीकडे गेलेलं मी पाहिलं आहे. एका सामन्यात शत्रूचं सगळं संपलं तरी खेळ संपेना. दीड तास मी मुलूख पालथा घातला. शेवटी टेकडी फोडली, तर आत एक सैनिक ठणठणीत उभा. टेकडी ढासळली तेव्हा बेटा खालीच होता. मरायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. खेळ विकला जाऊ लागल्यावर गिऱ्हाइकांची पत्रंही यायची. एक निवृत्त पाटबंधारे इंजिनिअर लढाई म्हणून करायचे नाहीत, नुसते बंधारे फोडायचे, आणि आम्हाला लांबलचक पत्रं लिहायचे की तुमच्या बंधाऱ्याला जादा पाणी जायला सांडवा नाही, पाणी उताराच्या उलट दिशेला वळतं, हे बेजबाबदारपणाचं आहे. मला त्या गृहस्थांबद्दल फार आदर होता. त्यांची तिन्ही पत्रं बरोबर होती.

पण हे सगळं पुढचं. प्रल्हादची गोष्ट खेळ बाजारात जाण्याआधीची आहे.

प्रल्हाद माझ्या हाताखाली तपासनीस होता. चाळिशीचा, शांत, चिक्कडपल्लीला राहणारा. त्याचे आजोबा नांदेडकडून इथे आलेले, माझे वडील परभणीहून. आमच्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, आणि आमची पाळंमुळंही एकाच समाजातली. मुलाखतीला आला तेव्हा खेळाची जुनी आवड एवढंच त्याच्याकडे होतं. मीच मालकांना सांगून त्याला घेतला. आता नीट ऐका. आपण एखाद्या आपल्या माणसाला आत घेतलं की दोन गोष्टी होतात. तो चुकला तर बोट आपल्याकडे येतं. तो चमकला तर कुजबुज होते. चुकण्याच्या बाबतीत प्रल्हादने मला त्रास दिला नाही. तो चमकला.

जेवणाच्या सुट्टीनंतर आमचे आपसात सामने व्हायचे, आणि तो तपासणीचाच भाग असायचा. प्रल्हाद सगळ्यांना हरवायचा. कधी समोरून यायचाच नाही. कुठली तरी बिनकामाची टेकडी निवडायचा, मोजून तीन सुरुंग लावायचा आणि मागच्या अंगाने छावणीत शिरायचा. इम्तियाज हरला की वैतागायचा. "मैं पहाड़ बनाया, और मेरे कू इच मालूम नै वो किदर से फूटता? ये आदमी कुछ तो बी करा है, मेडम." आणि मग माझ्याकडे बघून हसायचा. ते हसणं साधं होतं असं आज वाटतं. तेव्हा मला त्यात दुसरं काही ऐकू आलं. तुमचाच माणूस आहे, तुम्ही कशाला बघाल, असं.

मी बघायचं ठरवलं.

यापुढे थोडा तांत्रिक भाग आहे, पण रांगोळी काढता येणाऱ्याला समजेल इतकाच. दोन खेळाडू दोन मशीनवर खेळतात तेव्हा एक मशीन दुसऱ्याला चित्र पाठवत नाही. नुसता हुकूम पाठवतं: 'या टेकडीला इथे सुरुंग लावला.' टेकडी कशी कोसळली, हे दोन्ही मशीन आपापलं गणित करून ठरवतात. फोनवरून रांगोळी सांगावी तसं. दोन्ही घरी ठिपके सारखे असतील तर रांगोळी सारखी उमटते. एका घरी एक ठिपका जास्त पडला की पुढची सगळी रेघ घसरते, आणि फोनवर कोणालाच कळत नाही.

आता टेकडीची कुठली दरड सुटेल, यात थोडं नशीब हवं, नाहीतर मजा काय? म्हणून आकड्यांची एक लांबलचक यादी असते, दोन्ही मशीनवर अगदी एकच. स्फोट झाला की यादीतला पुढचा आकडा उचलायचा आणि त्यावरून ठरवायचं. दोघंही तोच आकडा उचलतात, म्हणून दोघांची टेकडी तशीच पडते. सामना संपला की दोन्ही मशीन आपापल्या जमिनीची बेरीज काढतात. आम्ही त्याला ताळा म्हणायचो. ताळा जुळला तर दोघं एकाच जगात खेळले. नाही जुळला तर दोघं दोन वेगळ्या लढाया खेळत होते, आणि दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलेलं असू शकतं.

जमिनीतल्या चुका शोधण्यासाठी इम्तियाजने मला पूर्वी एक छोटं साधन करून दिलं होतं. मी त्याला 'पहारा' म्हणायचे, आणि मशीनवरही तेच नाव दिलं होतं. जमिनीचा कुठला चौकोन कधी फुटला याची ते नोंद ठेवायचं आणि त्या जागी पडद्यावर लाल ठिपके शिंपडायचं. मी एकटी कॉम्प्युटरविरुद्ध खेळताना ते कितीदा तरी वापरलं होतं. एका सकाळी प्रल्हाद यायच्या आत मी ते त्याच्या मशीनवर चढवलं. त्याला दिसू नये म्हणून लाल ठिपके लपवले. फक्त त्याच्याच मशीनवर. मनात म्हटलं, निर्दोष असेल तर नोंदीत तेच दिसेल, आणि मग मी सगळ्यांच्या तोंडावर ती नोंद टाकीन.

त्या दिवसापासून ताळे चुकू लागले.

तुम्ही मला मूर्ख म्हणण्याआधी सांगते, त्यावेळी ते सगळं कसं चोख दिसत होतं. प्रल्हाद विरुद्ध इम्तियाज, ताळा चुकला. प्रल्हाद विरुद्ध मी, ताळा चुकला. बाकी सगळ्यांचे आपसातले सामने, ताळा बरोबर. त्याच्या पडद्यावर टेकडीत वाट, समोरच्याच्या पडद्यावर त्याच टेकडीत भिंत. एक माणूस सोडला तर सगळं जुळतं, म्हणजे खोट त्या माणसात; आपल्या मशीनवरची जमिनीची फाइल त्याने गुपचूप बदलली असणार. बँकेत वीस वर्षं असाच हिशेब मांडला होता.

वर तोच माझ्याकडे दोनदा आला. "ताई, माझी टेकडी आज बरोबर पडली नाही. तीन सुरुंगात पडायची ती पडेना, अन् जिथं पडायची नाही तिथं पडायली. जरा बघता का?" मी मनात म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. तोंडाने म्हटलं, "बघते." आणि तो गेल्यावर मी काय बघितलं? तर त्याची हजेरी. सगळे गेल्यावर तो किती वेळ मागे थांबतो, चहाला कोणाबरोबर जातो, पाण्याची बाटली भरायला उठला की पडदा झाकतो का. झाकायचा नाही. त्याचाही मला संशय आला. इतका साळसूदपणा कशाला?

खेळ जाहीर करताना लोकांसाठी मोठी स्पर्धा ठेवायचं ठरलं होतं. आमचे मालक श्रीधरराव तोलूनमापून बोलणारे. घरातलाच तपासनीस खेळात लबाडी करतो ही बातमी बाहेर गेली असती तर कंपनी बसली असती. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि एकच विचारलं, "अक्का, तोच आहे का?"

मी नोंदीचे कागद पुढे ठेवले आणि 'हो' म्हटलं.

प्रल्हादला बोलावलं तेव्हा मी तिथेच होते. तो भांडला नाही. कागद उलटसुलट करून बघितले आणि माझ्याकडे वळला. "ताई, मी फाइलीला हात लावलेला तुम्ही बघितला का?"

"आकडे बघितले," मी म्हटलं.

"आकडे," तो म्हणाला. गळ्यातलं ओळखपत्र काढलं, त्याची दोरी नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवलं. दाराशी थांबून एवढंच म्हणाला, "मी नाही केलं, ताई. पण तुम्ही म्हणायले तर काहीतरी दिसलंच असंल तुम्हाला." मला त्या वाक्यातही नाटक दिसलं. ऑफिसातल्या सगळ्यांसमोर मी ताठ मानेने जागेवर जाऊन बसले. आपल्या माणसालाही सोडलं नाही, असं लोक माझ्याबद्दल बोलले, आणि खोटं कशाला सांगू, ते ऐकून मला बरं वाटलं.

तो गेला आणि ताळे जुळायला लागले. आणखी काय पुरावा हवा? दुसऱ्या एका कंपनीतून त्याच्याबद्दल विचारणा आली, श्रीधररावांनी जे होतं ते सांगितलं. हे क्षेत्र लहान आहे. तिसऱ्या कंपनीने विचारलंही नाही, त्याला परस्परच नाही म्हटलं. खेळ बाजारात गेला. खेळाच्या शेवटी तो बनवणाऱ्यांच्या नावांची यादी पडद्यावर सरकत जाते, त्यात त्याचं नाव नव्हतं.

काही महिन्यांनी लावण्या नावाची नवी मुलगी आली आणि प्रल्हादच्या रिकाम्या मशीनवर बसली. पहिल्याच आठवड्यात ताळा चुकला. दुसऱ्या सामन्यातही चुकला.

आता ऐकून हसू नका, पण माझा पहिला संशय लावण्यावर गेला. वाटलं, प्रल्हादने हिला पाठवली असेल. दोन दिवस मी तिच्या चहाच्या वेळा टिपल्या. मग एका दुपारी ती तोंड पाडून माझ्याकडे आली. "अक्का, मी ओळीने अकरा सामने हरले. मला ठेवाल ना?"

घरफोडी करून कोणी स्वतःच्याच घरचं सामान देऊन येतं का? अकरा सामने हरणारी मुलगी कसली फाइल बदलते?

माणूस बदलला, खोट तिथेच. म्हणजे खोट माणसात नव्हती, मशीनमध्ये होती. आणि त्या मशीनमध्ये असं काय होतं जे बाकी कुठल्याच मशीनमध्ये नव्हतं? हे आठवायला मला फार वेळ लागला नाही. पहारा काढायचा राहूनच गेला होता.

इम्तियाजला बोलावलं. त्याने साधनाचा प्रोग्रॅम उघडला, ओळीमागून ओळ वाचत गेला आणि एका जागी थांबला. लाल ठिपके कुठे शिंपडायचे हे ठरवायला त्याने घाईघाईत त्याच यादीतून आकडा उचलला होता. टेकडी ज्या यादीवर पडायची, त्याच यादीतून. ठिपके मी लपवले होते, पण आकडा उचलला जातच होता. प्रत्येक फुटलेल्या चौकोनामागे एक. दुसऱ्या मशीनवर पहारा नव्हता, म्हणून तिथे तो आकडा कोणी उचलत नव्हतं, आणि दोघांच्या याद्या घसरत जायच्या. मी एकटी खेळताना दुसरं मशीनच नसायचं, त्यामुळे हे कधी दिसलं नाही.

इम्तियाजने चष्मा काढला. "मेडम," तो म्हणाला, "पहाड़ झूठा नै था. हम दोनों थे."

तराजू आधी तपासा, मग माल, हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे. दुसरं सांगायचे की जे एका मशीनवर लावाल तेच दुसऱ्यावर लावा. दोन्ही मीच मोडलं होतं. पहारा ठेवण्याआधी प्रल्हादचा एकही ताळा चुकला नव्हता. त्याच्याविरुद्धचा सगळा पुरावा माझ्या संशयानेच तयार केला होता.

श्रीधरराव म्हणाले, जे झालं ते झालं, आता उकरून काय मिळणार. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर आवाज चढवला. चूक प्रल्हादची नव्हती, तपासणी करणाऱ्यांची होती, असं पत्र मी लिहिलं. खाली आधी माझी सही केली आणि कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी सही केली. खेळाच्या पुढच्या दुरुस्तीत नावांच्या यादीत प्रल्हादचं नाव घातलं. दोन्ही कंपन्यांना पत्राची प्रत पाठवली. त्यांचं उत्तर आलं नाही.

रविवारी सकाळी मी चिक्कडपल्लीला गेले. बाजारातून आत दोन गल्ल्या, पहिला मजला. दार त्याच्या बायकोनेच उघडलं. तिने मला ओळखलं, पण 'या' म्हणाली नाही. नुसती बाजूला झाली. प्रल्हाद आता रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट द्यायचं काम करत होता. त्याने मला खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसला आणि पत्र वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं.

"पहारा," तो म्हणाला. "हां. मशीनवर चालू असलेल्यांत त्याचं नाव मी बघितलं होतं ताई, पहिल्याच दिवशी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "बघितलं होतंस? मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही सगळ्यांच्याच मशीनवर लावलं असंल वाटलं. तपासणीचं साधन, आपलं काम हाय ते." पत्राची घडी घालत तो म्हणाला, "एकट्या माझ्याच मशीनवर हाय, असं मनात तरी कसं यावं? नौकरी तर तुम्हीच लावली होती."

त्याने एकदा जरी माझ्यावर संशय घेतला असता, शेजारच्या मशीनवर वाकून पाहिलं असतं, तर अर्ध्या तासात उलगडा झाला असता. त्याची नोकरी राहिली असती. मला रडू आलं. साठीला टेकलेल्या बाईने परक्या घरात रडावं हे बरं दिसत नाही, पण आलं. "माझं चुकलं, प्रल्हाद," मी म्हटलं. "तुझ्या मशीनची चूक नव्हती, यादीची नव्हती. मीच तुझ्यावर संशय धरला." आतून त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला.

जेवणाच्या टेबलावरच एका बाजूला त्याचा जुना कॉम्प्युटर होता. आमचा खेळ त्यावर होता. त्याने तो विकत घेतला होता, जगातल्या कुठल्याही गिऱ्हाइकासारखा. मी दुरुस्ती चढवून नावांची यादी उघडायला सांगितली, आणि ती सरकत गेली तेव्हा त्याने स्वतःचं नाव पाहिलं. बायकोला हाक मारून दाखवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "एक सामना खेळायचा का, ताई? टेकडी बरोबर पडते का बघू."

मला एवढं हलकं वाटलं की काय सांगू. मी पिशवीतून लॅपटॉप काढला, त्याच टेबलावर समोरच्या बाजूला ठेवला, तारा जोडल्या. पूर्वी असंच बसायचो आम्ही, समोरासमोर. मुलूख उघडला. मधोमध इम्तियाजची ती मोठी टेकडी होती.

"सुरू कर," मी म्हटलं.

प्रल्हाद उठला. टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आला, माझ्या खांद्यावरून वाकला आणि म्हणाला, "जरा हात काढा, ताई." मग माझ्या मशीनवर काय काय चालू आहे त्याची यादी त्याने उघडली आणि एकेका नावावर बोट ठेवत, वरपासून खालपर्यंत, सावकाश वाचून काढली.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पूर्वी तो असं कधी करत नसे.